शहरांची लाज आणि दक्षिणेचे मत : ‘द शेम ऑफ द सिटीज’चे पुनर्वाचन

प्रास्ताविक

आपल्या विद्यापीठांतून अमेरिकेच्या इतिहासाची अभ्यासपत्रिका जेथे शिकविली जाते तेथे बहुधा यादवी युद्धानंतरची पुनर्रचना हे एक प्रकरण असते आणि पुरोगामी कालखंडातील नगरसुधारणा हे दुसरे. पहिले १८७७ मध्ये संपते, दुसरे १८९० च्या सुमारास सुरू होते आणि मधल्या जागेत रेल्वे, पोलाद व मक्तेदारी संघ येऊन बसतात. पहिल्याचे स्थळ दक्षिण, दुसऱ्याचे उत्तर. पहिल्याचे नायक मुक्त झालेले गुलाम आणि संघराज्याचे सैन्य. दुसऱ्याचे नायक पत्रकार, समाजसेविका आणि स्वच्छ कारभाराचा आग्रह धरणारे मध्यमवर्गीय नागरिक. परीक्षेच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. परंतु तिच्यामुळे एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ज्या राष्ट्राने १८७० मध्ये वर्णावरून कोणाही पुरुषाचे मत नाकारले जाणार नाही असे आपल्या घटनेत लिहिले, त्याच राष्ट्रातील सुजाण नागरिक तीस वर्षांनी शहरांतील लोकशाहीविषयी पोटतिडकीने लिहू लागले, तेव्हा त्या मताचे काय झाले होते आणि त्यांच्या लेखनात त्याची नोंद कशी उमटली?

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात एका ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे. लिंकन स्टेफन्स यांचा ‘द शेम ऑफ द सिटीज’ हा ग्रंथ १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. नगरसुधारणेच्या साहित्यात त्याचे स्थान अढळ आहे आणि ते योग्यच आहे. तरीही त्यातील फिलाडेल्फियावरील प्रकरणात एक उपमा आलेली आहे, जिच्यापाशी वाचक क्वचितच थांबतो. ती उपमा ग्रंथाच्या मर्यादेची खूण आहे आणि ही मर्यादा एकट्या स्टेफन्स यांची नसून ती पुनर्रचनेचा पाडाव आणि नगरसुधारणेचा उदय यांना जोडणाऱ्या धाग्याशी निगडित आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य

‘मॅक्ल्युअर्स मॅगझिन’ या मासिकात १९०२ व १९०३ मध्ये आलेल्या लेखांचा हा संग्रह आहे. सेंट लुइस, मिनीआपोलिस, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, शिकागो आणि न्यूयॉर्क ही सहा शहरे त्यात येतात. सेंट लुइसवर दोन लेख आहेत. स्टेफन्स हे या मासिकाचे संपादकीय काम पाहत होते आणि मालकांच्या आग्रहावरून ते कचेरीबाहेर पडून शहरोशहरी हिंडले. जानेवारी १९०३ च्या अंकात त्यांचा मिनीआपोलिसवरील लेख, आयडा टारबेल यांचा स्टँडर्ड ऑइल कंपनीवरील लेख आणि रे स्टॅनर्ड बेकर यांचा कोळसा खाणीतील संपासंबंधीचा लेख एकत्र आले. शोधपत्रकारितेच्या इतिहासात त्या अंकाचा उल्लेख नेहमी होतो.

स्टेफन्स यांची पद्धत साधी आहे. ते शहरातील कारभाराचा आकृतिबंध शोधतात: कंत्राट कोणाला मिळते, ट्रामचा परवाना कोण विकत घेतो, नगरपालिकेतील मतांचा भाव काय, पोलीस कोणाकडून हप्ता घेतात. सेंट लुइसमध्ये सरकारी वकील जोसेफ फोक यांनी उघडकीस आणलेले लाचप्रकरण असो, मिनीआपोलिसचा महापौर एम्स याने पोलीसखातेच गुन्हेगारांना भाड्याने दिल्यासारखी निर्माण केलेली अवस्था असो, की पिट्सबर्गमधील मॅगी व फ्लिन या जोडीची भागीदारी असो, प्रत्येक ठिकाणी त्यांना एकच साखळी दिसते. तिच्या एका टोकाला वॉर्डातला दादा आहे आणि दुसऱ्या टोकाला बँकेचा संचालक.

त्या काळात हे लिहिणे धाडसाचे होते. शहरांच्या अधोगतीचे खापर आयर्लंड, इटली व पूर्व युरोपातून आलेल्या निरक्षर स्थलांतरितांवर फोडण्याची रीत तेव्हा सर्वमान्य होती. स्टेफन्स यांनी ती नाकारली. फिलाडेल्फिया हे मोठ्या शहरांपैकी सर्वाधिक ‘अमेरिकन’ शहर. तेथील जवळजवळ निम्मी वस्ती अमेरिकेत जन्मलेल्या आईबापांच्या पोटी अमेरिकेतच जन्मलेली. आणि तेच सर्वांत बिघडलेले! म्हणजे दोष रक्ताचा नाही, अज्ञानाचा नाही. दोष आहे तो धंद्याच्या नीतीने राजकारण करणाऱ्या प्रतिष्ठित माणसाचा आणि ते चालवून घेणाऱ्या नागरिकाचा. ग्रंथाच्या प्रास्ताविकात व्यापारी वर्गावर त्यांनी केलेला हल्ला आजही वाचनीय आहे, कारण तो नैतिक उपदेशाच्या थाटात सुरू होऊन शेवटी अर्थकारणावर येऊन ठेपतो.

‘आपण’ आणि ‘आम्ही’

स्टेफन्स यांच्या गद्याचा कणा म्हणजे प्रथमपुरुषी अनेकवचन. लाज शहरांची नसून ‘आपली’ आहे, असा त्यांचा सूर असतो. इंग्रजीत या सर्वनामाचे एकच रूप असल्याने त्यात श्रोता धरला आहे की वगळला आहे हे उघड होत नाही. मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्याला मात्र तेथे निवड करावीच लागते. ‘आपण’ म्हटले की समोरचा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. स्टेफन्स यांच्या बहुतेक वाक्यांना ‘आपण’ शोभते. ते वाचकाला गुन्ह्यात भागीदार करून घेतात, हेच तर त्यांचे बळ. पण फिलाडेल्फियावरील प्रकरणात एका जागी हे सर्वनाम डळमळते.

तेथील मतदानाचे वर्णन त्यांनी विस्ताराने केले आहे. मतदारयाद्या पक्षयंत्राच्या हाती असतात. त्यांत मेलेल्यांची, मुलांची, इतकेच काय कुत्र्यांचीही नावे घातली जातात. मतदान कसेही होवो, मोजणी ठरल्याप्रमाणे होते. मग स्टेफन्स म्हणतात की, प्रामाणिक फिलाडेल्फियाकराला मतपेटीपाशी दक्षिणेतील कृष्णवर्णीयापेक्षा अधिक हक्क उरलेला नाही. पुढे ते एक मार्मिक निरीक्षण नोंदवितात. दक्षिणेत दडपशाहीने रिपब्लिकन पक्षाची कृष्णवर्णीय मते बुडविली जातात असे सांगितले की हा नागरिक संतापतो. पण तुझीही तीच स्थिती आहे असे म्हटले की तो चकित होतो आणि मग मान्य करतो की खरेच, असा विचार कधी केला नव्हता.

निरीक्षण मार्मिक आहे यात शंका नाही. पण उपमेची घडण पाहावी. उपमान हे नेहमी ज्ञात, स्थिर आणि निर्विवाद असावे लागते, तरच उपमेय त्याच्या प्रकाशात दिसते. चंद्र निश्चित असतो म्हणून मुख चंद्रासारखे म्हणता येते. येथे दक्षिणेतील मताधिकाराचा लोप हा चंद्र आहे. ती चौकशी करण्याची बाब राहिलेली नाही; ती दुसऱ्याच्या हानीचे मोजमाप करण्याची पट्टी झाली आहे. आणि मोजली जाते ती हानी कोणाची? ‘आपली’. अर्थात दक्षिणेतील मनुष्य त्या ‘आपण’मध्ये नाही. या एका वाक्यापुरते सर्वनाम ‘आम्ही’ झालेले आहे.

उपमेय आणि उपमान यांतील अंतरही लक्षात घ्यावयास हवे. लुइझियाना राज्यात १८९६ मध्ये नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १८९८ ची नवी राज्यघटना अमलात आल्यावर १९०४ मध्ये, म्हणजे स्टेफन्स यांचा ग्रंथ निघाला त्या वर्षी, ते १,३४२ उरले. साक्षरता-परीक्षा, मतदान-कर आणि आजोबांच्या मतहक्कावर नातवाचा हक्क ठरविणारे कलम यांनी हे साधले. त्याआधीची वीस वर्षे बंदुकीने ते साधत आले होते. फिलाडेल्फियाच्या नागरिकाचे मत गेले ते लबाडीमुळे आणि त्याच्या स्वतःच्या आळसामुळे. असे स्टेफन्स स्वतःच सांगतात. १९०५ मध्ये शहराच्या गॅस कारखान्याच्या पट्ट्यावरून नागरिक खवळले, महापौर वीव्हर यांनी पक्षयंत्राशी फारकत घेतली आणि १९०६ मध्ये मतदाराने स्वतः हजर राहून नाव नोंदविण्याचा कायदा पेनसिल्व्हेनियात संमत झाला. लेख लिहिला गेल्यापासून तीन वर्षांत! दक्षिणेतील कृष्णवर्णीयाला त्यासाठी १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत थांबावे लागले.

एका शब्दाचा प्रवास

आता मागे जावे लागेल. शहराच्या कारभाराविषयी लिहिताना दक्षिणेतील मत स्टेफन्स यांच्या लेखणीवर इतक्या सहजतेने का आले? कारण ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दाने हे दोन विषय तीस वर्षांपूर्वीच एकत्र बांधले गेले होते.

न्यूयॉर्कमधील ट्वीड टोळीचे घोटाळे १८७१ मध्ये बाहेर आले. त्याच सुमारास दक्षिणेत पुनर्रचित राज्यांची विधिमंडळे काम करीत होती. साउथ कॅरोलायनाच्या कनिष्ठ सभागृहात १८६८ पासून कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते. जगाच्या त्या भागात असे पूर्वी कधी घडले नव्हते. या राजवटींत पैसे खाल्ले गेले, रेल्वेच्या रोख्यांत घोटाळे झाले, हे खरे आहे, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. परंतु याच राजवटींनी दक्षिणेत पहिल्यांदा सर्वांसाठी सरकारी शाळा काढल्या हेही तितकेच खरे आहे. एरिक फोनर यांनी या काळातील कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी व अधिकाऱ्यांची जी चरित्रसूची सिद्ध केली तीत सुमारे १,५०० व्यक्ती आहेत. त्यांत शिक्षक, धर्मोपदेशक, सुतार, लोहार, शेतकरी असे नाना तऱ्हेचे लोक आढळतात.

१८७४ मध्ये जेम्स पाइक यांचे ‘द प्रॉस्ट्रेट स्टेट’ हे साउथ कॅरोलायनावरील पुस्तक निघाले. पाइक हे उत्तरेतील, गुलामगिरीविरोधी पत्रकार म्हणून नावाजलेले; म्हणून त्यांची साक्ष निःपक्षपाती समजली गेली. विधिमंडळातील गोंधळाची त्यांनी काढलेली शब्दचित्रे पुढे अर्धशतक पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिली. मात्र त्या राज्यात जाऊन पाहण्यापूर्वीच, १८७२ मध्ये, पाइक यांनी याच आशयाचे लेखन प्रसिद्ध केले होते. निष्कर्ष आधी, प्रवास नंतर! आपल्याकडील प्रवासवर्णनांचे अभ्यासक या प्रकाराशी अपरिचित नसावेत.

पाइक यांच्या वाचकांनी दोन चित्रे शेजारी ठेवली: कोलंबिया येथील विधिमंडळ आणि न्यूयॉर्कमधील टॅमनी हॉल. दोन्हीकडे मालमत्ता नसलेले मतदार मालमत्ता असलेल्यांवर कर बसवितात, असा अर्थ त्यांनी काढला. ‘द नेशन’ या साप्ताहिकाचे संपादक ई. एल. गॉडकिन हे या विचाराचे प्रमुख प्रवक्ते होते. १८७५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन यांनी शहरांच्या कारभाराची योजना आखण्यासाठी एक आयोग नेमला. विल्यम एव्हर्ट्स त्याचे अध्यक्ष होते आणि गॉडकिन सदस्य. आयोगाचा अहवाल १८७७ मध्ये आला. मोठ्या शहरांत खर्चाचा व कराचा अधिकार एका वित्तमंडळाकडे द्यावा आणि त्या मंडळाची निवड ठरावीक मालमत्तेवर कर भरणाऱ्या किंवा ठरावीक भाडे देणाऱ्या पुरुषांनीच करावी, ही त्यातील मुख्य शिफारस. विधिमंडळाने ती एकदा मान्य केली. घटनादुरुस्तीसाठी दुसऱ्यांदा मान्यता हवी होती, ती १८७८ मध्ये मिळाली नाही आणि योजना बारगळली.

या घटनेतील व्यक्ती कोण, हे पाहिले की वर्षाचे महत्त्व ध्यानी येते. टिल्डन हे १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील डेमोक्रॅटिक उमेदवार. याच निवडणुकीच्या वादग्रस्त निकालातून जी तडजोड झाली तिने पुनर्रचनेचा अंत केला. एव्हर्ट्स यांनी निवडणूक आयोगापुढे प्रतिस्पर्धी हेज यांची बाजू मांडली आणि हेज अध्यक्ष होताच ते परराष्ट्रमंत्री झाले. एप्रिल १८७७ मध्ये हेज यांनी साउथ कॅरोलायना व लुइझियाना येथील राजभवनांपासून सैन्य छावण्यांत परत नेले. निवडणुकीत जे एकमेकांविरुद्ध लढले ते गरिबाच्या मताविषयी मात्र एकाच मेजाभोवती बसले होते! दक्षिणेतील मुक्त गुलामाच्या मताला संरक्षण नाकारणे आणि न्यूयॉर्कमधील मजुराच्या मताला आर्थिक कारभारातून वगळू पाहणे या एकाच वर्षाच्या, एकाच वर्तुळातील दोन कृती होत. फरक इतकाच की न्यूयॉर्कच्या मजुराजवळ आपले मत वाचविण्यापुरते मत शिल्लक होते.

येथे एक स्मरण अस्थानी होणार नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची सामूहिक हत्या झाली, आणि त्या प्रकरणातील शिक्षा १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविल्या. पुण्यातून जी अमेरिका दिसत होती ती खोटी नव्हती. फक्त ती माघारीच्या वाटेला लागली होती.

स्टेफन्स यांना या वारशातून एक गोष्ट वजा करावयाची होती आणि ती त्यांनी केली: भ्रष्टाचाराचे मूळ गरिबाच्या मतात आहे हे गृहीत. टिल्डन आयोगाला जो करदाता शहराचा तारणहार वाटला, स्टेफन्स यांना तोच आरोपी वाटतो. हे वैचारिक वळण मोठे आहे. परंतु ज्याचे मत त्या गृहीतकापायी गेले त्याचा हिशेब ते उघडत नाहीत.

त्याच शहराचे दुसरे पुस्तक

स्टेफन्स उत्तरेतील शहरांवर लिहीत होते, दक्षिणेचा हिशेब त्यांच्याकडे मागणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त ठरला असता, जर तो हिशेब फिलाडेल्फियातच उपलब्ध नसता. स्टेफन्स यांच्या लेखापूर्वी चार वर्षे, १८९९ मध्ये, डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचा ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

डू बॉइस १८९६ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या निमंत्रणावरून या शहरात आले. हार्वर्डची डॉक्टरेट हाती असूनही विद्यापीठाने त्यांना अध्यापक केले नाही. सातव्या वॉर्डात, जेथे शहरातील कृष्णवर्णीयांची सर्वांत दाट वस्ती होती, तेथेच ते नवपरिणित पत्नीसह राहिले आणि घरोघरी जाऊन त्यांनी ९,६७५ व्यक्तींची पाहणी केली. पाहणीमागील प्रेरणा सुधारकांचीच होती. वस्ती-केंद्र चालविणाऱ्या प्रतिष्ठित स्त्रियांनी ती मनावर घेतली होती. सातवा वॉर्ड ठरल्याप्रमाणे पक्षयंत्राला मते देतो, तो सुधारावा कसा, हा त्यांच्यापुढील प्रश्न.

डू बॉइस यांनी मताधिकारावरील प्रकरणात प्रश्नच फिरविला. मतांची खरेदी ते लपवीत नाहीत. राजकीय क्लब, तेथील जुगार, निवडणुकीच्या दिवशी हातावर टेकविले जाणारे पैसे, सगळे त्यांनी नोंदविले आहे, आणि नैतिक नापसंतीच्या सुरात. त्या सुरात सुशिक्षिताची थोडी तुच्छताही आहे, हे मान्य केले पाहिजे. मग ते वॉर्डातील समंजस, कष्टाळू गृहस्थाकडे वळतात. शहराचा कारभार सडलेला आहे हे त्याला ठाऊक आहे आणि मान्य आहे. तरी तो सुधारकांच्या उमेदवाराला मत देऊ शकत नाही. कारण यंत्र उलथले तर पोलिसातील, कचेऱ्यांतील, शाळांतील जी थोडी पदे त्याच्या समाजाला मिळाली आहेत ती जातील. आणि मत मागणारा सुधारक त्याला स्वतःच्या दुकानात ठेवत नाही, स्वतःच्या कचेरीत त्याच्या शेजारी बसत नाही, अडचणीत धावून येत नाही.

हा युक्तिवाद वाचल्यावर ‘द शेम ऑफ द सिटीज’ पूर्वीसारखा वाचता येत नाही. स्टेफन्स यांच्या शहरात दोनच प्रकारचे मतदार आहेत: विकले गेलेले आणि झोपलेले. डू बॉइस यांच्या शहरात तिसरा आहे. तो जागा आहे, प्रामाणिक आहे, हिशेबी आहे, आणि यंत्रालाच मत देतो. त्याच्यासाठी मत हे नागरी कर्तव्याचे प्रतीक असण्याआधी पोटाशी बांधलेले आहे. कारण खाजगी रोजगाराची दारे बंद असलेल्या शहरात सरकारी नोकरी हेच एक उघडे दार आहे. जेन अॅडम्स यांनीही १८९८ मध्ये शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्तीविषयी लिहिताना वॉर्डातील नगरसेवक का निवडून येतो याचे असेच सहानुभूतीपूर्ण उत्तर दिले होते. पण शिकागोतील स्थलांतरितांच्या पुढल्या पिढीला कारखान्याचे दार उघडत होते. सातव्या वॉर्डाच्या पुढल्या पिढीला ते उघडेल याची खात्री डू बॉइस यांना नव्हती, आणि व्यवसायांची त्यांनी दिलेली कोष्टके पाहता ती असण्याचे कारणही नव्हते.

या निष्ठेला इतिहासही होता, आणि तो पुनर्रचनेचाच होता. पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले होते. ते परत मिळाले १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने. म्हणजे पुनर्रचना ही फक्त दक्षिणेची घटना नव्हे; फिलाडेल्फियाचा मतदार तिच्यातूनच जन्मला. १० ऑक्टोबर १८७१ च्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखण्यासाठी रस्त्यांवर हिंसाचार झाला आणि ऑक्टेव्हियस कॅटो या तरुण शिक्षकाला गोळी घालून मारण्यात आले. मारेकरी म्हणून ज्याच्यावर खटला चालला तो १८७७ मध्ये निर्दोष सुटला. पुन्हा १८७७! डू बॉइस यांच्या ग्रंथात कॅटोची हकीकत येते. त्या निवडणुकीत जो रिपब्लिकन पक्ष जिंकला त्याचेच पुढे ते यंत्र झाले, ज्याचा नायनाट सुधारकांना हवा होता. ज्या पक्षाच्या छायेत मत मिळाले आणि टिकले, तो सोडून ज्यांनी कधी विचारपूस केली नाही त्यांच्याकडे जावे, ही अपेक्षा वॉर्डातील माणसाला कशी वाटली असेल?

चित्र मात्र एकरंगी नव्हते. १८८१ मध्ये सुधारकांच्या ‘शंभरांच्या समिती’च्या पाठिंब्याने निवडून आलेले डेमोक्रॅटिक महापौर सॅम्युएल किंग यांनीच शहरात पहिले कृष्णवर्णीय पोलीस नेमले. सुधारकांना हे करता येत होते, एवढे यावरून दिसते. पुढील सुधारकांनी त्या उदाहरणापासून काही घेतले नाही.

सुधारणेचे दुसरे हात

फिलाडेल्फियाबाहेर काय घडले त्याचा उल्लेख त्रोटक केला तरी चालेल. १० नोव्हेंबर १८९८ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र जमावाने निवडून आलेले मिश्रवर्णीय नगरमंडळ राजीनामा देण्यास भाग पाडले, कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र जाळले, अनेकांना ठार केले आणि जमावाचा नेता महापौर झाला. गैरकारभार संपविला, अशी त्यांची भाषा होती. १९०० च्या चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या टेक्सासमधील गॅल्व्हस्टन शहराने १९०१ मध्ये आयुक्तमंडळाची पद्धत स्वीकारली. ती कार्यक्षम ठरली, देशभर पसरली, आणि जेथे जेथे निवडणूक वॉर्डाऐवजी सबंध शहरातून होऊ लागली तेथे वस्तीच्या बळावर निवडून येणाऱ्या अल्पसंख्याकाची वाट अरुंद झाली. बॉल्टिमोरमध्ये डिसेंबर १९१० मध्ये महापौर मेहूल यांनी, जे सुधारक म्हणूनच ओळखले जात, वर्णानुसार राहण्याचे रस्ते वाटून देणाऱ्या नियमावर सही केली. लुइव्हिल येथील अशाच एका नियमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये हा प्रकार घटनाबाह्य ठरविला.

यावरून नगरसुधारणा म्हणजे निव्वळ ढोंग, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या चाळविषयक कायद्याने खोल्यांत उजेड आला, ही काही लहान गोष्ट नाही. रे स्टॅनर्ड बेकर यांनी १९०८ मध्ये ‘फॉलोइंग द कलर लाइन’ या ग्रंथात वर्णसंबंधांचा शोध घेतला. म्हणजे त्या पिढीच्या पत्रकारांना हा विषय दिसतच नव्हता असेही नाही. तरीही ‘स्वच्छ कारभार’ आणि ‘सर्वांचा कारभार’ या दोन कल्पनांची फारकत १८७७ मध्ये झाली होती, आणि स्टेफन्स यांच्यासारखा निर्भीड लेखकही त्या फारकतीच्या अलीकडच्या काठावर उभा राहूनच लिहीत होता, असे म्हणणे भाग आहे.

अध्यापनाच्या अंगाने

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते. पुरोगामी कालखंडाचा तो ऐन भर. जॉन ड्युई तेथे शिकवीत होते, आणि पुनर्रचना ही एक घोडचूक होती असे मानणाऱ्या इतिहाससंप्रदायाचे प्रवर्तक विल्यम डनिंग हेही त्याच विद्यापीठात होते. तीस वर्षांनी, १९४७ मध्ये, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध करताना आंबेडकरांनी सामाजिक भेदभावाविरुद्धच्या संरक्षक तरतुदींसाठी अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला आणि टिपणांत तसे नमूद केले. यांपैकी १८७५ च्या कायद्यातील सार्वजनिक स्थळांविषयीची कलमे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच रद्द केली होती. पुरोगामी कालखंडातील अमेरिकेत शिकलेल्या या विद्यार्थ्याने तेथून परतताना डनिंग संप्रदायाचा निष्कर्ष बरोबर आणला नाही. त्या देशाने टाकून दिलेला कायदा आणला. अमेरिकेच्या इतिहासाची अभ्यासपत्रिका मराठी विद्यार्थ्याने का वाचावी, या नेहमीच्या प्रश्नाला प्रस्तुत लेखकास यापेक्षा नेमके उत्तर सुचत नाही.

डू बॉइस यांनी १९३५ मध्ये ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि डनिंग संप्रदायाला तोंडावर उत्तर दिले. आपल्याकडील संदर्भसूचींत तो असतो, ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ सहसा नसतो, कारण तो समाजशास्त्राच्या कपाटात ठेवलेला असतो. इतिहास, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्ही विभागांतील सहकाऱ्यांना एक सूचना करावीशी वाटते. स्टेफन्स यांचे फिलाडेल्फियावरील प्रकरण आणि डू बॉइस यांचे मताधिकारावरील प्रकरण पदव्युत्तर वर्गात लागोपाठ वाचावे. दोन्ही ग्रंथांचे स्वामित्वहक्क संपलेले असल्याने प्रती मिळविण्याची अडचण नाही. दोन तासिका पुरतात. आधी डू बॉइस, मग स्टेफन्स, हा क्रम ठेवावा. उलट क्रमाने वाचल्यास विद्यार्थी ती उपमा ओलांडून पुढे जातात.